पडलेय जरा

आमच्या घरात घाबरण्याचं खातं माझ्याकडे आहे. बायको धीट, मुलगी तिच्याहून धीट, तेव्हा कुणीतरी घाबरायला हवंच म्हणून ते माझ्याकडे आलं असावं. गॅस बंद आहे का, हे मी तीनदा बघतो. काळाचौकीची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हापासून लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी आत किती माणसं आहेत ते मोजतो. फोर्टातल्या एका ऑफिसात पस्तीस वर्षं इंग्रजी पत्रांचे मसुदे केले, पण एकही पत्र दोनदा वाचल्याशिवाय सहीला पाठवलं नाही. बायको मला भित्री भागूबाई म्हणते. पूर्वी निदान चारचौघांत म्हणत नसे.

आमची एकुलती एक मुलगी चार वर्षांपासून इंग्लंडात नोकरी करते. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की सुट्टी घेऊन ती सायकलने इंग्लंड आडवं पार करणार आहे.

"आडवं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत. पाच दिवस. खूप लोक करतात, बाबा. ठरलेला रूट आहे, वळणावळणावर पाट्या आहेत."

"कोणाबरोबर जाणार?"

"सायकलबरोबर."

बायको मागून डोकावली आणि म्हणाली, "जा गो. फोटो पाठव मस्त." संपलं. एवढ्यावर परवानगी मिळाली. माझ्या हातातली कपबशी मी हळूच खाली ठेवली.

मुलीने माझ्यासाठी एक तह केला. फोनवर तिचं लाइव्ह लोकेशन मला दिसेल, ती कुठे आहे ते मी बसल्या जागी बघू शकेन. बदल्यात मी दिवसा फोन करायचा नाही. संध्याकाळी मुक्कामाला पोचली की तीच करेल. "तू फोन करतोस, मग मला थांबून ग्लोव्हज काढावे लागतात," ती म्हणाली, "आणि फोन उचलला की तू विचारतोस, का थांबलीस?" खरं आहे, मी तसंच विचारतो.

लालबागच्या झेरॉक्सवाल्याकडून मी तो सगळा रूट छापून आणला. चार मोठे कागद चिकटपट्टीने जोडले आणि जेवायच्या टेबलावर पसरले. सुरुवात व्हाइटहेवन नावाच्या बंदरात, शेवट टाइनमथला. खाली चढउताराचा आलेख होता, तो थेट माझ्या ईसीजीसारखा दिसत होता. मधोमध एक उंच टोक, त्याचं नाव हार्टसाइड. घाटाचं नाव असं कुणी ठेवतं का? बायको म्हणाली, "आता जेवण कागदावर वाढू की कागद उचलताय?"

त्या रस्त्याची एक रीत आहे, ती मुलीने मला समजावून सांगितली. निघताना सायकलचं मागचं चाक पश्चिमेच्या समुद्रात भिजवायचं, आणि पोचल्यावर पुढचं चाक पूर्वेच्या समुद्रात. मला ती रीत आवडली. आमच्या कोकणात होडी पाण्यात लोटण्याआधी नारळ देतात, तसलंच काहीतरी. पण आवडून काय उपयोग? मागचं चाक भिजल्यापासून पुढचं भिजेपर्यंत मी पाच दिवस कसे काढायचे, ते त्या रितीत कुठेच नव्हतं.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. ती सांगायला मला आवडत नाही.

मुलीला सायकल मीच शिकवली. रविवारी सकाळी कॉटन ग्रीनच्या गोदामांमागचे रस्ते रिकामे असायचे. मी सीट धरून मागे पळायचो आणि ती ओरडायची, "बाबा, सोड ना!" रस्त्यातून गोदीच्या मालगाडीचे जुने रूळ गेलेले होते. त्या रुळांत चाक अडकेल म्हणून दर वेळी मी तिला उतरायला लावायचो. एका रविवारी तिने न विचारताच रूळ ओलांडले, तेही चाक वळवून आडवे, जसे ओलांडायला हवेत तसे. ती पुढे निघून गेली आणि मी मागे धापा टाकत उभा राहिलो. तेव्हा मला आनंद झाला नाही. मला धस्स झालं.

तेरा वर्षांची असताना ती आमच्याच रस्त्यावर बसच्या पुढ्यात पडली. ड्रायव्हरने ब्रेक मारला, बस हातभर अंतरावर थांबली. ती सायकल ढकलत चाळीत आली, तीन जिने चढली आणि फ्रॉक वर करून गुडघा दाखवत मला म्हणाली, "बाबा, बघ! रडले नाही मी!" गुडघ्याची साल पार निघाली होती. रक्ताचा ओघळ मोज्यात गेला होता. तिचा चेहरा मात्र शर्यत जिंकल्यासारखा फुललेला होता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी सायकल ऑफिसच्या शिपायाला देऊन टाकली. तो ती गावी घेऊन गेला. मुलीला मी सांगितलं, चोरीला गेली.

ती चार दिवस शोधत होती. आमची चाळ, शेजारची चाळ, गणपतीच्या मंडपाची मागची बाजू. वहीच्या पानावर सायकलचं चित्र काढून तिने खाली लिहिलं, "लाल, डाव्या पेडलचं रबर निघालेलं", आणि ते पान नळाशेजारी चिकटवलं. पाणी भरायला जाताना ते मला रोज दिसायचं. बायकोला मी खरं सांगितलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "मी नाही सांगणार तिला. एक दिवस तुम्हीच सांगा." तो दिवस सोळा वर्षांत उगवला नव्हता.

तर, बुधवारी ती निघाली. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड. व्हाइटहेवनहून फोटो आला. करडं पाणी, दगडी उतार आणि पाण्यात टेकलेलं मागचं चाक. मग नकाशावरचा निळा ठिपका हलायला लागला. मी डबल बेडच्या कडेला फोन हातात घेऊन बसलो. ठिपका थांबला की माझा श्वास थांबायचा, चालू लागला की मी घोटभर पाणी प्यायचो.

तिच्या फोटोंत भीतिदायक असं काही नव्हतं, हे मी कबूल करतो. दोन्ही बाजूंना उंच कुंपणाच्या झुडपांत दडलेले रस्ते, इतके अरुंद की मोटार आली तर सायकलवाल्याने झुडपात शिरून उभं राहायचं. मोटारींना एकमेकींना वाट द्यायला म्हणून मध्येमध्ये रस्त्याने जरा पोट बाहेर काढलेलं. दगडावर दगड रचलेल्या, चुन्याशिवाय उभ्या भिंती आणि त्यांच्या पलीकडे मेंढ्या. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून केलेली सायकलींची वाट. शेताच्या फाटकावर पाटी, मागे बंद करून घ्या. मेंढ्यांनी हद्द ओलांडू नये म्हणून एका ठिकाणी रस्त्यातच खड्डा खणून त्यावर लोखंडी दांड्यांची जाळी टाकलेली होती. मेंढीचे खूर त्यात अडकतात म्हणून ती येत नाही. माझ्या मनात लगेच आलं, आणि चाक? पण तेवढ्यात ठिपका पुढे सरकला.

पहिला दिवस पार पडला. संध्याकाळी फोनवर ती हसत होती. दुसरा दिवसही पार पडला. त्या दिवशी तर मी खाली उतरून कटिंग चहा मारून आलो आणि बायकोला म्हणालो, "छान चाललंय हो तिचं." तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तिसरा दिवस हार्टसाइडचा. जवळजवळ दीड तास ठिपका मुंगीच्या पावलांनी वर चढत होता. घाटाच्या माथ्याशी रस्त्याच्या कडेला तो थांबला. आपले पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. बायको भाजी आणायला खाली गेली होती. फोन वाजला. मुलीचा मेसेज. ती मराठी लिहिते, पण इंग्रजी अक्षरांत.

"पडलेय जरा. काळजी करू नको."

मी तो मेसेज किती वेळा वाचला ते सांगता येणार नाही. पडलेय. जरा. काळजी करू नको असं माणूस कधी लिहितो? काळजी करण्यासारखं काही असेल तेव्हाच. पाच वीस झाले, साडेपाच झाले, ठिपका जागचा हलला नाही. मी नकाशा बोटांनी मोठा करत गेलो. मोठा करून करून शेवटी नुसता हिरवा रंग उरला. घर नाही, दुकान नाही, नाव नाही. रस्त्याची एक पांढरी रेघ आणि तिच्या काठाला माझी मुलगी.

तह मोडला. फोन केला. वाजत राहिला. परत केला. सहा वेळा केला. खाली मंडळाच्या पोरांचा ढोल-ताशाचा सराव सुरू झाला होता. त्या आवाजात मला तिकडची रिंगसुद्धा नीट ऐकू येईना. खिडकी लावली, तर घरात इतकं शांत झालं की ते आणखी वाईट. मी जमिनीवरच बसलो. मनात एकच चित्र, मोज्यात गेलेला रक्ताचा ओघळ.

मुलीने प्रत्येक मुक्कामाचा नंबर देऊन ठेवला होता, अगदीच गरज लागली तर म्हणून. सहाला पाच कमी असताना मी त्या रात्रीच्या मुक्कामाच्या घरमालकिणीला फोन लावला. बाई म्हाताऱ्या वाटल्या, आवाज मऊ होता. मी पस्तीस वर्षांचं इंग्रजी पणाला लावलं.

"मॅडम, माय डॉटर हॅज फॉलन."

"ओ डिअर! इज शी हर्ट?"

"आय डू नॉट नो, मॅडम. शी हॅज रिटन इट हरसेल्फ. शी इज नॉट मूव्हिंग."

त्यानंतर त्या फार थोडं बोलल्या. जागा विचारून घेतली. यजमान जीप काढताहेत म्हणाल्या. तिकडे कुणीतरी बूट चढवत असल्याची धडपड मला ऐकू आली आणि फोन बंद झाला. आता मात्र खात्रीच पटली. इंग्लंडातला माणूस बूट घालून निघाला म्हणजे नक्कीच काहीतरी झालंय.

बायको भाजीची पिशवी घेऊन आली. मला जमिनीवर बसलेला बघून तिने पिशवी तिथेच टाकली. मी फोन पुढे केला. तिने मेसेज वाचला. मग चष्मा लावून परत वाचला.

"अहो," ती म्हणाली, "पडलेय म्हणजे आडवी झालीये ती. दुपारी जेवून उठल्यावर तुम्ही मला रोज काय सांगता?"

जरा पडतो. मी रोज सांगतो, जरा पडतो. माझे वडील मिलमधून पहिली पाळी करून आले की तेच सांगायचे. रविवारी मासळीचं जेवण झालं की अख्खी चाळ जरा पडलेली असायची. मुलीने तो शब्द माझ्याच तोंडून उचलला होता. हे दोन्ही पडणं मला चांगलं माहीत होतं, पण त्या पाऊण तासात त्यातलं दुसरं मला आठवलंच नाही.

"आणि तसं नसेल तर?" मी म्हणालो.

"गप रवा जरा," बायको म्हणाली. पण तीही माझ्या शेजारी जमिनीवर बसली. तिचा हात गार होता.

अर्ध्या तासाने फोन आला. मुलीचाच. मी "हॅलो" म्हणायच्या आत तिचा आवाज आला, आणि तो रागाचा नव्हता. आधी तो नुसता थरथरत होता.

"बाबा, मी झोपले होते. भिंतीच्या आडोशाला, गवतात, डोक्याखाली बॅग घेऊन. फोन सायलेंटवर होता. डोळे उघडले तर एक अनोळखी माणूस माझ्या अंगावर वाकलेला. खांदा धरून हलवत होता. आजूबाजूला कुत्रंसुद्धा नाही, बाबा. कळतंय का तुला? आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते मी."

बायकोने फोनला कान लावला.

"त्यांना मी लाथ मारली," ती म्हणाली. "सत्तर वर्षांच्या माणसाला. मला वाचवायला आलेल्या." आणि मग राग आला. तिने आवाज चढवला नाही, एकेक शब्द वेगळा उच्चारला. "लोकेशन बंद करतेय. पोचले की कळवेन."

निळा ठिपका गेला. नकाशा तसाच राहिला.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही आणि तेच असह्य होतं. संध्याकाळी बायकोला एक मेसेज येई, "मुक्कामाला आले." मला नाही, बायकोला. मी चिकटपट्टीने जोडलेले कागद टेबलावर परत पसरले आणि ती कुठे असेल ते अंदाजाने बोटाने शोधत बसलो. तिच्या जिवाची भीती तर होतीच, पण त्यात आता दुसरी भीती मिसळली होती, की ही माझ्याशी पुन्हा कधी नीट बोलणार नाही. आजवर मला वाटायचं, मी घाबरतो म्हणून ती सुरक्षित आहे. हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात पक्कं होतं. आणि त्या डोंगरावर, पाच दिवसांतल्या सगळ्यांत निवांत घटकेला, माझ्या भीतीने एक परका माणूस नेऊन तिच्या अंगावर वाकवला होता.

ती पोचली की सायकलचं खरं सांगून टाकायचं, असं मी शनिवारी ठरवलं. ऑफिसात असल्यासारखा कच्चा मसुदासुद्धा केला. "तुला एक सांगायचंय, रागावू नकोस." मग "रागावू नकोस" खोडलं. तेवढा हक्क मला नव्हता.

रविवारी संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल आला. बायकोने फोन उचलला, क्षणभर बघितला आणि माझ्या हातात देऊन ती स्वयंपाकघरात गेली. पडद्यावर आधी वाळू दिसली, मग फेस, मग सायकलचं पुढचं चाक, पाण्यात. वाऱ्याने आवाज तुटत होता. मग मुलीचा चेहरा आला. उन्हाने नाक सोललेलं, केस चिकटलेले, आणि डोळ्यांत सोळा वर्षांपूर्वी तीन जिने चढून आली होती तेव्हाचीच चमक.

"पोचले, बाबा."

मसुदा ओठांवर होता. पण जिभेच्या सवयीला काय करणार? "पडली नाहीस ना कुठे?"

मागे लाटेचा आवाज आला.

"पडले," ती म्हणाली. "दोनदा. पहिल्या दिवशीच पडले, त्या मेंढ्यांच्या जाळीवर. दांड्या ओल्या होत्या. आणि काल एकदा उतारावर, खडीत."

पहिल्या दिवशी. ठिपका पुढे सरकला म्हणून मी पाणी प्यायलो होतो, त्या दिवशी. संध्याकाळी ती फोनवर हसत होती, त्या दिवशी.

"मग सांगितलं का नाहीस?"

"गुडघा दाखवला की सायकल जाते, बाबा."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"दहावीच्या सुट्टीत तुझ्या ऑफिसात आले होते ना," ती शांतपणे सांगत होती, "तेव्हा तुमच्या शिपाईकाकांनी मला थँक्यू म्हटलं. त्यांची मुलगी शाळेत जाते म्हणाले, माझ्या सायकलवरून. मी वेलकम म्हटलं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू इतका घाबरतोस," ती म्हणाली. "मला तुझ्यासाठीच भ्यायला व्हायचं."

म्हणजे तेव्हापासून ती पडत होती आणि मला सांगत नव्हती. किती वेळा पडली असेल, कुठे कुठे, ते आता मला कधीच कळणार नव्हतं. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. बायको ऐकत असावी. माझ्या तोंडाशी सगळं एकदम आलं. टिटॅनसचं घेतलंस का, एक्स-रे काढ, कुणी होतं का सोबत, आता परत ट्रेननेच जा. ते सगळं मी गिळलं. गिळायला वेळ लागला.

"सायकलला काही झालं नाही ना?" मी विचारलं.

तिने पडद्यातून माझ्याकडे बघितलं. कॉल अडकला की काय असं मला वाटण्याइतका वेळ बघितलं. मग तिने फोन वळवला आणि एकेक दाखवत गेली. हँडल जरा वाकलंय. मडगार्डला पोचा आलाय. डाव्या पेडलला ओरखडे पडलेत, बघ. मी सगळं बघितलं, प्रत्येकाला "हं" म्हणालो.

मग फोन वाळूवर कशाला तरी टेकवून ती समोर बसली आणि मी न विचारता, पँट वर सारून तिने मला गुडघा दाखवला.